विज्ञान पदवीची निवड : नाव आणि पाया

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यानंतरचे काही आठवडे महाराष्ट्रातील हजारो घरांत एकच चर्चा चालू राहते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ज्यांना हवी ती जागा मिळते, त्यांचा प्रश्न तेथेच मिटतो. ज्यांना ती मिळत नाही, ज्यांना तिचे शुल्क झेपत नाही, आणि ज्यांनी आपणहोऊन शास्त्र शिकावयाचे ठरविलेले असते, अशा सर्वांपुढे बी.एस्सी.च्या निरनिराळ्या वाटा उभ्या राहतात. एके काळी या वाटा मोजक्या होत्या. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि काही ठिकाणी संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र, एवढ्यांत यादी संपत असे. आज जिल्ह्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाची माहितीपुस्तिका उघडली, तरी तीत जैवतंत्रज्ञान, माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र, न्यायसहायक विज्ञान, डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी नावे दिसतात. या गर्दीत उभा राहून पालक एकच प्रश्न विचारतो : यांपैकी कोणत्या पदवीला नोकरी आहे?

या प्रश्नाला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्ञानासाठी ज्ञान घ्यावे, पोटाचा विचार करून विषय निवडू नये, असा उपदेश करणारे बहुधा स्वतःच्या पोटाची सोय झाल्यानंतर तो करीत असतात. कोरडवाहू शेतीवर किंवा लहानशा दुकानावर चालणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या तीन ते पाच वर्षांच्या शिक्षणाचा खर्च उचलावयाचा, तर त्यातून पुढे काय निष्पन्न होणार हे विचारण्याचा त्याला पुरेपूर अधिकार आहे. दोष प्रश्नात नाही. त्याचे उत्तर जेथे शोधले जाते, तेथे आहे. हे उत्तर बहुतेक वेळा पदवीच्या नावात शोधले जाते. ज्या धंद्याचा वर्तमानपत्रांत बोलबाला असेल, त्या धंद्याचे नाव ज्या पदवीला असेल, ती पदवी नोकरीची, असे समीकरण मांडले जाते. हे समीकरण यापूर्वीही चुकलेले आहे आणि त्याची किंमत समीकरण मांडणाऱ्यांनी नव्हे, तर विद्यार्थ्यांनी मोजलेली आहे.

नावांच्या लाटा

केंद्र सरकारने १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. येणारे शतक जीवशास्त्राचे आहे, असे त्यानंतर वारंवार सांगितले जाऊ लागले आणि शास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचेही नव्हते. या शतकाच्या आरंभी राज्यात ठिकठिकाणी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्या सुरू झाल्या. त्या बहुतेक विनाअनुदानित होत्या. त्यांचे शुल्क त्याच महाविद्यालयातील अनुदानित तुकडीच्या कित्येक पट असे, आणि तरीही त्या भरत, कारण नावात भविष्यकाळ होता. परंतु या शास्त्रातील खरी कामे संशोधनाची. त्यांना पदव्युत्तर पदवी आणि पुष्कळदा पीएच.डी.ही लागते. उलट, लस किंवा औषध बनविणाऱ्या कारखान्यात जी कामे पदवीधराला मिळू शकतात, त्यांसाठी किण्वन समजणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नमुन्याचे पृथक्करण करणारा रसायनशास्त्रज्ञ किंवा संयंत्र चालविणारा अभियंता हवा असतो. तीन वर्षांत या सर्वांचे थोडेथोडे शिकलेला पदवीधर दाराशी गेला की, त्याला दोन्हीकडून नकार मिळे. प्रयोगशाळेला त्याचे शिक्षण अपुरे वाटे आणि कारखान्याला ते पसरट.

संगणकाच्या बाबतीत घडले ते थोडे वेगळे आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेने खरोखरच लक्षावधी मराठी मुलांना मध्यमवर्गात आणून बसविले आणि पुणे-मुंबईच नव्हे, तर परदेशातील नगरेही दाखविली. हे यश कोणी नाकारू नये. परंतु २०२२ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने सर्वांच्या हाती आली, ती साधी आज्ञावली लिहिण्याचे काम काही क्षणांत करून देतात. नव्याने नोकरीला लागलेला पदवीधर पहिली एक-दोन वर्षे जे काम करीत असे, नेमके तेच हे काम आहे. याचा अर्थ संगणकाचा धंदा संपला असा मुळीच नव्हे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवू शकणाऱ्या माणसाचे मोल यातून वाढणारच आहे. मात्र तो निवाडा करावयास गणित आणि संख्याशास्त्र यावे लागते. केवळ एखादी संगणकभाषा येऊन भागत नाही. डेटा सायन्स या नावाखाली जे शिकविले जाते, त्याचा गाभा तरी दुसरा काय आहे? संभाव्यता, अनुमानशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संगणकावर ते राबविण्याचे कौशल्य. पहिल्या तिघांना वगळून चौथे शिकविणारी पदवी विद्यार्थ्याच्या हाती हत्यार देते. पण ते कशावर चालवावयाचे हे सांगत नाही.

दारावरच्या पाट्या

नोकरीचा विचार करावयाचा तर तो नोकरीच्या दारावर कोणती पात्रता लिहिलेली आहे, ते वाचून करावा. पालक आणि विद्यार्थी प्रवेश घेताना महाविद्यालयाची माहितीपुस्तिका वाचतात. भरतीची जाहिरात मात्र पदवी हाती आल्यानंतर वाचतात. हा क्रम उलटा केला तर कितीतरी भ्रम आपोआप दूर होतील.

भारतीय वनसेवेचे उदाहरण घ्यावे. केंद्रीय लोकसेवा आयोग या सेवेसाठी जी परीक्षा घेतो, तिला बसण्यासाठी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी तरी हवी, नाही तर पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र या आठांपैकी किमान एक विषय पदवीला घेतलेला हवा. यादी जुन्या वळणाची आहे, अशी टीका करता येईल. परंतु ती बदलेपर्यंत दारावरची पाटी तीच राहणार. जंगलात काम करण्याची मनापासून इच्छा असलेल्या मुलीने झगमगीत नावाची पदवी घेतली आणि या आठांपैकी एकही विषय तीत नसला, तर तिला हे कळेपर्यंत तीन वर्षे निघून गेलेली असतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासून चालत आलेली संस्था. तिच्यासाठी आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो आणि तीत भूशास्त्रज्ञ, भूभौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ निवडले जातात. त्यासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. ज्या महाराष्ट्रात दर दुष्काळात पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो आणि ज्याचे बहुतांश क्षेत्र काळ्या कातळाचे आहे, तेथे खडकातील पाणी ओळखणारा माणूस दुर्मिळ असावा आणि भूशास्त्र शिकविणारी महाविद्यालयेही मोजकीच असावीत, ही शोचनीय गोष्ट आहे. मात्र जो विद्यार्थी या मोजक्या महाविद्यालयांपैकी एकात जातो, त्याच्याशी स्पर्धा करणारेही मोजकेच असतात. विषयाची लोकप्रियता आणि त्याची उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

कारखान्याच्या दारावरची पाटीही पाहण्याजोगी आहे. १९४५ च्या औषध नियमांत औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीची पात्रता सांगताना औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराबरोबरच, रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविलेल्या आणि उत्पादनाचा तीन वर्षांचा अनुभव असलेल्या पदवीधराचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्यानेच ज्या विषयाचे नाव घेतले, त्या विषयाला तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींत किंवा गोव्यात वेर्ण्याला मागणी का असते, हे वेगळे सांगावयास नको. या वसाहतींतील कामाच्या पाळ्या कष्टाच्या असतात आणि आरंभीचा पगार बेताचा असतो, हेही तितकेच खरे. परंतु तेथे माणूस उपकरण हाताळावयास शिकतो, आणि पृथक्करणाची उपकरणे हाताळता येणारा रसायनशास्त्रज्ञ सहसा रिकामा बसत नाही.

उच्च शिक्षणाच्या दारांची स्थितीही अशीच आहे. आयआयटींमधील एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा होते. तिचे सात विषय आहेत : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. जैवतंत्रज्ञान या यादीत आहे, ही गोष्ट त्या विषयाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. माहिती तंत्रज्ञान मात्र तीत नाही. त्या पदवीधराला एम.सी.ए.ची वाट धरावी लागते. शास्त्र विषयांच्या अध्यापकपदासाठी आणि संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर जी ‘नेट’ परीक्षा घेते, तिचे विभाग पाच : भौतिक, रासायनिक, गणिती, जीव आणि पृथ्वीविषयक शास्त्रे. उपशाखेची पदवी घेतलेल्यालाही या पाचांपैकी एका दारातूनच आत जावे लागते, आणि तेथे त्याची परीक्षा होते ती मूळ विषयाची. अणुऊर्जा खात्याची १९५७ मध्ये सुरू झालेली तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा अभियंत्यांबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या विषयांतील पदव्युत्तर पदवीधरांनाही घेते. हवामान खात्यासाठी २०२२ मध्ये वैज्ञानिक साहाय्यकांची जी भरती जाहीर झाली, तीत भौतिकशास्त्र हा एक विषय असलेली विज्ञानाची पदवी ग्राह्य होती.

शिष्यवृत्तीचा हिशेबही मांडला पाहिजे. केंद्र सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत बारावीला अत्युच्च गुण मिळवून मूलभूत शास्त्रांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंतची शिष्यवृत्ती मिळू शकते. अभियांत्रिकी, वैद्यक आणि तत्सम व्यावसायिक अभ्यासक्रम तिच्या कक्षेत येत नाहीत. गरीब घरातील हुशार मुलाने जास्त शुल्क भरून शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेरची पदवी निवडावी आणि कमी शुल्कात मिळणारी, वर शिष्यवृत्ती देणारी पदवी सोडावी, असे प्रकार घडतात, ते केवळ माहितीच्या अभावी.

मूळ विषयातून नवे विषय

मूळ विषयाची पदवी माणसाला एकाच खोलीत कोंडून ठेवते, हा समज इतिहासाला धरून नाही. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी म्हणून ख्यातनाम झालेल्या विदुषी, यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र पूरक घेऊन. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळविली ती जीवरसायनशास्त्रात, आणि पुढे नीरा व कडधान्ये यांसारख्या सामान्य माणसाच्या अन्नावर संशोधन केले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले. लंडनला त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास केला आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जगाच्या भुकेचे मोजमाप करणारे तज्ज्ञ झाले. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले, १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. केली, मग ते जीवशास्त्राकडे वळले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रसायनशास्त्राचे.

ही माणसे असामान्य होती आणि त्यांच्या उदाहरणाने सामान्य विद्यार्थ्याचा निर्णय होऊ शकत नाही, असा आक्षेप येईल व तो रास्तही आहे. परंतु येथे त्यांची बुद्धिमत्ता विचारात घ्यावयाची नसून त्यांच्या प्रवासाची दिशा पाहावयाची आहे. गणितातून संख्याशास्त्राकडे, रसायनातून जीवरसायनाकडे, भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे जाता येते. उलट दिशेचा प्रवास फार थोड्यांना साधतो. साधारण बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही हा नियम लागू पडतो, किंबहुना त्याला तो अधिक लागू पडतो, कारण चुकलेली वाट सोडून नव्याने आरंभ करण्याची ऐपत त्याच्यापाशी कमी असते. याच कारणास्तव अकरावीत गणित सोडण्याचा निर्णय पुष्कळ विचारांती घ्यावयास हवा. वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने गणित सोडलेल्या मुलाला ती जागा मिळाली नाही, म्हणजे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक या तिन्ही वाटा त्याला एकदमच अरुंद झालेल्या आढळतात. मग तो बी.एस्सी.ला नाव घालतो आणि वर्गात न बसता पुन्हा प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. अशा रीतीने पदवीचा पाया ज्या पहिल्या वर्षात घातला जावयाचा, तेच वर्ष वाया जाते.

दुसरी बाजू

तथापि मूळ विषयांची बाजू घेताना त्यांच्या वर्गांत आज काय चालते, याकडे डोळेझाक करून भागणार नाही. राज्यातील अनेक महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक तुटपुंज्या मानधनावर शिकवीत आहेत. प्रयोगशाळेत तराजू आहे पण तो बंद आहे, वर्णपटमापक आहे पण तो फक्त तपासणी समिती आली की बाहेर निघतो, अशी स्थिती अपवादात्मक म्हणता येणार नाही. प्रयोग न करता प्रयोगवही पूर्ण करून रसायनशास्त्राची पदवी मिळविलेल्या मुलाला त्या विषयाचा पाया लाभला, असे कोण म्हणेल? अशा वेळी शेजारच्या विनाअनुदानित विभागात चांगली यंत्रे आणि उत्साही शिक्षक असतील, तर विद्यार्थी तिकडे वळला म्हणून त्याला दोष देता येणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र काही महाविद्यालयांत उत्तम रीतीने शिकविले जाते आणि तेथील विद्यार्थी चांगल्या स्थानी पोहोचतात. म्हणून जुने नाव चांगले आणि नवे नाव वाईट, असा उलटा भ्रमही बाळगू नये. विषय कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोठे, कोणाकडून आणि कोणत्या साधनांनी शिकावयाचा, हेही महत्त्वाचे.

हातात वेळ किती?

पदवीची निवड करताना प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, कुटुंब किती वर्षे थांबू शकते. शास्त्राच्या बहुतेक चांगल्या नोकऱ्या एम.एस्सी.नंतरच्या आहेत, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी स्पष्ट सांगत नाही. ज्या घराला पाच वर्षे धीर धरणे शक्य आहे, त्या घरातील मुलाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र यांपैकी आवडीचा विषय निर्धास्तपणे घ्यावा. पुण्यात २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर संस्थेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि मुंबईत कालिन्याला २००७ मध्ये सुरू झालेले मूलभूत विज्ञानांचे केंद्र, या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांना बारावीतच बसावे. त्यांची माहिती ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांपर्यंत फार उशिरा पोहोचते आणि तोपर्यंत अर्जाची मुदत टळून गेलेली असते.

ज्याला तीन वर्षांनी कमावणे भागच आहे, त्याचा विचार वेगळा. त्याने रसायनशास्त्र घेऊन पृथक्करणाची उपकरणे शिकावीत, किंवा संख्याशास्त्र घेऊन त्याला संगणकाची जोड द्यावी, किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन अन्न व औषध उद्योगातील तपासणीचे काम शिकावे. संगणकशास्त्रच घ्यावयाचे असेल तर गणित न सोडता घ्यावे. या प्रत्येक वाटेवर सुट्टीच्या काळात एखाद्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत महिना-दोन महिने काम केल्याचा दाखला गुणपत्रिकेइतकाच उपयोगी पडतो.

आणि ज्याचे अद्याप काहीच ठरलेले नाही, त्याने जी पदवी निर्णय लांबणीवर टाकू देते ती घ्यावी. पहिल्या वर्षी तीन-चार विषय आणि शेवटी एक, ही जुनी रचना याच दृष्टीने शहाणपणाची होती. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला गौण विषयाची जोड देण्याची सोय आहे, तिचा उपयोग जाणीवपूर्वक करून घ्यावा. भौतिकशास्त्राला संगणकाची, प्राणिशास्त्राला संख्याशास्त्राची, रसायनशास्त्राला सूक्ष्मजीवशास्त्राची जोड मिळाली, तर एका पदवीला दोन दारे मिळतात. सोपे गुण मिळतात म्हणून गौण विषय निवडला, तर ही सोय फुकट जाते. चौथे वर्ष पूर्ण केल्यास पुढील पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होते आणि ७५ टक्के गुण असल्यास ‘नेट’ला बसून थेट पीएच.डी.कडेही जाता येते. मात्र ज्या महाविद्यालयात चौथ्या वर्षाच्या संशोधनाला मार्गदर्शक नाही, तेथे ते वर्ष केवळ कालहरण ठरण्याचा धोका आहे.

विचारावयाचे प्रश्न

प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकाने महाविद्यालयात जाऊन काही साध्या गोष्टी पाहाव्यात. विभागात पूर्णवेळ अध्यापक किती आहेत? शेवटच्या वर्षाची प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास उघडी असते आणि विद्यार्थी उपकरणाला स्वतः हात लावतो की लांबून पाहतो? गेल्या तीन वर्षांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी कोठे गेले, याची यादी विभागाकडे आहे काय? अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि तीन वर्षांचे एकूण शुल्क किती? या प्रश्नांची उत्तरे देण्याची टाळाटाळ झाली, तर भिंतीवरील रंगीत फलकावर कितीही मोठमोठ्या कंपन्यांची नावे असोत, तेथून परत फिरणे बरे. ज्या घरात प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचत आहे, त्या घरातील माणसे महाविद्यालयाच्या कार्यालयात असे प्रश्न विचारण्यास संकोचतात. वास्तविक हे प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

परंतु सगळा भार पालकांवर टाकून विद्यापीठांना आणि शासनाला मोकळे होता येणार नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पदवीधरांपैकी किती जण पुढे शिकत आहेत, किती नोकरीत आहेत, कोणत्या प्रकारच्या नोकरीत आहेत आणि किती रिकामे आहेत, याची विभागवार नोंद ठेवून ती दर वर्षी प्रवेशापूर्वी मराठीत प्रसिद्ध करणे विद्यापीठांना अशक्य नाही. नवीन नावाचा अभ्यासक्रम मंजूर करताना त्याच्या पदवीधराला कोणत्या सार्वजनिक परीक्षांना बसता येईल आणि कोणत्यांना नाही, हे माहितीपुस्तिकेत छापण्याची सक्ती करता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ शास्त्रांच्या अनुदानित विभागांतील रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत. स्वस्त पदवी निकृष्ट होऊ द्यावयाची आणि महाग पदवीला आकर्षक नाव द्यावयाचे, हे धोरण कोणी कागदावर लिहिलेले नसेल. परंतु परिणामतः तेच अमलात येत आहे. त्याचा पहिला फटका तालुक्याच्या गावातील ज्या मुलीला शहरात वसतिगृहाचा खर्च परवडत नाही, तिला बसतो. तिच्या गावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विभाग बंद पडला, म्हणजे वर सांगितलेली निम्मी दारे तिच्यापुरती बंद झाली.

नोकऱ्यांचे जग पुढील दहा वर्षांत कोणते वळण घेईल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी २०६५ च्या आसपास निवृत्त होईल. तोपर्यंत आजच्या पदव्यांची अनेक नावे विस्मरणात गेलेली असतील. टिकून राहील ती मोजण्याची, सिद्ध करण्याची, प्रयोग करून पाहण्याची आणि नवे शिकण्याची शक्ती. ती ज्या वर्गात आणि ज्या प्रयोगशाळेत मिळेल, तेथे प्रवेश घ्यावा. तेथील पदवीचे नाव साधे असले तरी हरकत नाही.